उन्हाळ्यातील फूल आणि शेजाऱ्याचा हंडा

प्रश्न दिसावयास लहान आहे. चैत्र सरत आला आहे. विहिरीने तळ गाठला आहे. अंगणातल्या मोगऱ्याला कळ्या धरू लागल्या आहेत. सायंकाळी त्याच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतावे की न ओतावे? एवढाच प्रश्न आहे. परंतु हा प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या अंगणात विचारला की तो लहान राहत नाही. कारण तेथे त्याच वेळी कुंपणापलीकडून एखादी बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत असते, आणि तुमच्या तांब्याकडे तिचे लक्ष जाते.

या प्रश्नाला आपल्याकडे तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, माणसाला प्यावयास पाणी नसताना फुलाला पाणी घालणे हा चैनीचा प्रकार होय. दुसरे असे की, पाणी माझ्या विहिरीचे, अंगण माझे, झाड माझे. यात इतरांनी बोलण्याचे कारण नाही. तिसरे उत्तर विहारात ऐकू येते. हे फूल भगवान बुद्धांच्या वंदनेसाठी आहे, म्हणून त्याला घातलेले पाणी पुण्यकर्मात जमा होते. तीनही उत्तरे ऐकावयास सोपी आहेत आणि देणाऱ्याला मोकळे करणारी आहेत. म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजेत. तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच की, परंपरेने आले म्हणून अथवा कोणी थोराने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या.

प्रथम भूमी समजून घेऊ.

जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या उतारावरील तालुके. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते; १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा त्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांची ही भूमी. येथे पाऊस थोडा पडतो असे कोणी समजू नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे मराठवाड्याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला तीव्र उतार. पडलेले पाणी थांबत नाही; ओहोळातून नदीत आणि नदीतून समुद्राकडे जाते. दिवाळी उलटली की ओढे आटू लागतात. होळीनंतर विहिरी खरवडाव्या लागतात, नदीच्या वाळूत झिरे खणावे लागतात, आणि कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते.

आणि ज्या नदीचे पाणी येथून जाते ती वैतरणा मुंबईची तहान भागविते. १९५७ साली मोडकसागर झाला, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा झाले, आणि २०१२ साली मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण पुरे झाले. या एका मध्य वैतरणेतून मुंबईला रोज सुमारे ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. मुंबईच्या माणसाने पाणी पिऊ नये असे कोणी म्हणणार नाही. त्या मुंबईत आपलेही लाखो बांधव चाळीत आणि झोपडपट्टीत राहतात. परंतु धरणाच्या तालुक्यातच बाई हंडा घेऊन मैलभर चालते, ही गोष्ट दैवाने घडलेली नाही. कारणावाचून काही घडत नाही, हे धम्माचे पहिले पाठांतर होय. कातळ हे एक कारण आहे. पाणी कोणाकडे वळवावयाचे हे ठरविणारा माणूस हे दुसरे कारण आहे. पहिल्या कारणाला दोष देता येत नाही. दुसऱ्याला प्रश्न विचारता येतो.

ही तीच भूमी आहे, जिथे १९९२ साली वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. अशा भूमीत फुलांविषयी लिहिणे काहींना अप्रशस्त वाटेल. ही शंका रास्त आहे. तिला टाळून पुढे जाता येणार नाही.

आता पहिले उत्तर घेऊ. फूल ही चैन होय काय?

या दिवसांत जव्हारच्या घाटातून जाणाऱ्याने डोंगराकडे पाहावे. माघ-फाल्गुनात पळस आणि पांगारा लाल होतात, काटेसावर फुलते. पुढे बहावा पिवळ्या झुंबरांनी लवतो, कुडा पांढरा होतो. पानझडी रानात अंगावर पान नसतानाच यांतली पुष्कळ झाडे फुलतात. पान म्हणजे पाणी उडून जाण्याचे दार; झाड ते दार बंद करते आणि मागच्या पावसाळ्यात साठविलेल्या शिधोरीवर फूल काढते. अंगणातला पांढरा चाफाही असाच. त्याच्या जाड खोडात ओल साठलेली असते. उन्हाळ्यात कोणी घोटभर पाणी दिले नाही तरी तो फुलतो. बोगनवेल तर पाणी कमी झाले की अधिक बहरते. म्हणजे उन्हाळ्यातले प्रत्येक फूल माणसाच्या हंड्यावर हात मारून फुलत नाही. ज्याला या दिवसांत दारापुढे रंग हवा आहे त्याने चाफा लावावा, कुंपणाला बोगनवेल लावावी. त्याच्या मनाला टोचणी राहण्याचे कारण उरणार नाही.

परंतु येथे एका खोट्या उपदेशापासून सावध राहिले पाहिजे. कित्येक वक्ते भाषणात म्हणतात, 'पाहा, झाड उन्हात तापते, तहानेने व्याकुळ होते, आणि म्हणूनच फुलते. माणसानेही दुःखात फुलावे!' ऐकावयास हे गोड लागते. पण पाड्यावरच्या बाईला हे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर तिसरा हंडा ठेवणे होय. मोगऱ्याचेच उदाहरण घ्या. हिवाळ्यात मोगऱ्याचे पाणी तोडतात, त्याला ताण देतात, छाटणी करतात. हे खरे. पण त्यानंतर काय करतात? खत घालतात आणि पाणी देतात. तेव्हा तो फुटतो, कळी धरतो. ताण दिला आणि पुढे पाणी दिलेच नाही, तर मोगरा फुलत नाही. त्याचे सरपण होते. ताण देणारा हात आणि पाणी देणारा हात एकच असतो, आणि तो हात झाडाचे हित पाहत असतो. जव्हारच्या कष्टकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ताण देणाऱ्यांनी पुढे पाणी दिल्याचा दाखला नाही. दारिद्र्याचे गुणगान हा बुद्धाचा मार्ग नव्हे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे. तेव्हा पळसाचा दाखला देऊन कोणाला तहान शिकवू नये.

मग फूल चैन आहे काय? जव्हार-मोखाड्यापुरते तरी याचे उत्तर तुमच्या डोळ्यांपुढे आहे. गेल्या काही वर्षांत जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत अनेक आदिवासी कुटुंबांनी घराजवळच्या तुकड्यात मोगरा लावला. कोसबाडचे कृषि विज्ञान केंद्र, बाएफसारखी संस्था यांनी रोपे आणि रीत शिकविली. झुंजुमुंजू होताच घरची माणसे कळ्या खुडतात. कळी पूर्ण भरलेली पण मिटलेली असावी लागते, कारण उमललेल्या फुलाला बाजार नाही. ती कळी दादरच्या फुलबाजारात पोहोचते आणि संध्याकाळी कोणाच्या तरी वेणीत उमलते. ज्या घराला पूर्वी दिवाळी होताच मुलाबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जावे लागत असे, त्यातील काही घरे या कळ्यांमुळे गावात राहिली. घर गावात राहिले म्हणजे मूल शाळेत राहिले. आता सांगा, त्या मोगऱ्याला घातलेले पाणी चैनीचे की भाकरीचे? सम्यक आजीविकेचा विचार करताना तथागतांनी शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला. फूल विकणाऱ्याच्या हातून यातले काहीही घडत नाही. धम्मपदाच्या पुष्पवर्गात भुंग्याची उपमा आहे. तो फुलाच्या रंगाला आणि गंधाला धक्का न लावता रस घेऊन जातो. गावात राहून, गावाला ओरबाडल्यावाचून पोट भरण्याची ही रीत त्या उपमेच्या जवळची आहे.

पण सारीच फुले बाजारासाठी नसतात. एखाद्या झोपडीच्या दाराशी फुटक्या डब्यात सदाफुली असते. तिला कोणी विकत नाही. तिचे काय? येथे मी वाचकांना मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाची आठवण देतो. चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावे, असा दंडक तेथे लिहिला आहे. हा दंडक लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माणसाची भाकरी तोडून त्याला दुबळे करता येते. पण त्याच्या वाट्याचे सुंदर ते काढून घेतले तरच त्याला आपण हीन आहोत असे वाटू लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले तेव्हा हा दंडकही जळाला. म्हणून गरिबाला कोणी म्हणाला की, 'तुला आधी पोटाचे पाहावयाचे आहे, फुले कशाला?' तर आपण विचारावे, हा प्रश्न तुम्ही बंगल्याच्या हिरवळीला विचारता काय? माणसाला भाकरी पाहिजे आणि मनालाही अन्न पाहिजे. बाबासाहेबांना स्वतःला बागेची आवड होती. दिल्लीतल्या त्यांच्या निवासस्थानी ग्रंथांच्या जोडीला फुलझाडेही होती. अत्यंत सुखोपभोग आणि अत्यंत देहदंड या दोन्ही टोकांना टाळून तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला. अंगणातले एक झाड जाणूनबुजून वाळविणे हा देहदंडाचाच एक प्रकार होय.

शिवाय मोगरा वाळविल्याने पाड्याला पाणी मिळत नाही. तुमचा तांब्या आपोआप टेकडी ओलांडून कातकरी वस्तीत जात नाही. उलट धोका असा की, झाड वाळविले म्हणून तुम्हाला कर्तव्य पार पडल्यासारखे वाटेल, आणि टँकर आठ दिवस आला नाही हे विचारावयास तुम्ही जाणार नाही. त्याग स्वस्त असला की तो कर्तव्याची जागा अडवितो. एवढ्यावरून पहिले उत्तर बाद होते.

दुसरे उत्तर: पाणी माझे आहे.

धम्मबांधवांनो, हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. कागदावर तळे सर्वांचे झाले, प्रत्यक्षात एक ओंजळही मिळेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. या सर्व लढ्यात विरुद्ध पक्षाचे म्हणणे काय होते? 'तळे आमचे आहे.' जे वाक्य आपल्याविरुद्ध दहा वर्षे उच्चारले गेले, तेच वाक्य आपण आज आपल्या बोअरवेलवर लिहावयाचे काय?

थोडे स्पष्ट बोलतो. जव्हार किंवा मोखाड्याच्या बाजारगावात आज आपले शिक्षक आहेत, तलाठी आहेत, परिचारिका आहेत, बँकेतले कारकून आहेत. ही बाबासाहेबांच्या लढ्याची फळे होत आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. त्यांच्या घरी नळ आहे, काहींच्या आवारात बोअर आहे. कुंपणापलीकडे कातकरी वस्ती आहे. कातकरी ही शासनाने विशेष दुर्बल मानलेली आदिम जमात आहे. तिच्या मुलीने आपल्या नळाशी हंडा लावला, तर आपण काय करतो? तिला थांबवितो, की सरकून जागा देतो? आणि हंडा लावू दिला तरी, भांडे दुरून धर असे सांगतो काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने मनात द्यावे. धर्मांतराने आपण देव बदलले नाहीत, माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे आपण सांगतो. ती दृष्टी बदलली की नाही याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती एप्रिल-मेमध्ये नळावर होते.

पाण्याच्या भांडणाचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या घरचेच आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदी वाहत होती. दोघांची शेते तिच्यावर पोसत. कोरड्या दिवसांत पाणी थोडे झाले, आधी कोणी घ्यावे यावरून सेवकांची मारामारी झाली आणि गोष्ट युद्धावर आली. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ याच भांडणात दाखविले आहे. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने संघात उभे राहून युद्धाला विरोध केला. दोष कोणाचा याची आधी चौकशी करा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निकाल द्यावा, असे त्याने सुचविले. संघाने ते मानले नाही आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. या प्रसंगात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, सिद्धार्थाने नदी शाक्यांची आहे असेही म्हटले नाही आणि कोलीयांची आहे असेही म्हटले नाही. पाणी कोणाचे, हा प्रश्नच त्याने बदलला. पाणी कसे वाटून घ्यावयाचे, असा त्याने तो केला.

जमिनीखालचे पाणी तर कुंपण ओळखतच नाही. कातळाच्या ज्या भेगेतून तुमच्या बोअरला पाणी येते, तीच भेग खाली उतरून पाड्याच्या झऱ्याला पोसत असू शकते. वर तुम्ही फेब्रुवारीत मनसोक्त उपसा केला, तर खाली मेमध्ये झरा आटतो. तेव्हा 'माझे पाणी' हे वाक्य नीतीने खोटे आहेच, कातळाच्या रचनेप्रमाणेही खोटे आहे.

आता तिसरे उत्तर: हे फूल बुद्धवंदनेसाठी आहे.

आपण पुष्पपूजा करतो तेव्हा मनाशी काय आणतो? हे फूल रंगाने, गंधाने युक्त आहे, आणि ते कोमेजणार आहे; माझे शरीरही असेच विनाशाकडे जात आहे. म्हणजे फूल हे अनित्यतेचे स्मरण होय. ते लाच नव्हे, नवस नव्हे. तथागतांना फुलाची भूक नाही. हे विसरून जर कोणी 'मी इतकी फुले वाहिली' म्हणून पुण्याचा हिशेब मांडील, तर जुनी देवपूजा नव्या मूर्तीपुढे चालू झाली एवढेच म्हणावे लागेल.

कुशीनगरचा प्रसंग आठवा. तथागत दोन सालवृक्षांमध्ये पहुडले होते. ऋतू नसताना ते वृक्ष बहरले आणि त्यांची फुले तथागतांच्या देहावर पडू लागली, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. या वर्णनातली चमत्काराची बाजू सोडून द्या. त्यावर तथागतांनी आनंदाला काय सांगितले ते पाहा. अशा फुलांनी तथागताचा खरा सन्मान होत नाही. जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका धम्माप्रमाणे वागते, तेच त्याचा खरा सन्मान करते. फुले अंगावर पडत असताना हे सांगितले गेले, हे विशेष.

धम्मपदाचा पुष्पवर्ग हेच निराळ्या रीतीने सांगतो. चंदन, तगर आणि मल्लिका यांचा गंध वाऱ्याच्या उलट जात नाही. सज्जनाच्या शीलाचा गंध मात्र वाऱ्याच्या उलट जातो. ही मल्लिका म्हणजे आपला मोगराच. विहारात मोगरा कितीही दरवळो, वारा फिरला की पाड्यावर त्याचा वास पोहोचणार नाही. पण विहाराच्या माणसांनी पाड्याच्या झऱ्याभोवती चर खणून पाणी अडविले, तर ती वार्ता कोणत्याही वाऱ्याला न जुमानता जाईल.

वैशाखी पौर्णिमा नेमकी या टंचाईच्या दिवसांत येते. त्या दिवशी विहार सजवावा, जरूर सजवावा. परंतु जव्हार-मोखाड्यात त्या दिवशीचे फूल कोणते असावे? मला वाटते, चाफ्याचे असावे. तो पाणी मागत नाही आणि आपली फुले आपणच खाली टाकतो. पहाटे नुसती वेचून आणावयाची. सिंहलद्वीपात बुद्धमंदिरात हेच चाफ्याचे फूल वाहतात. आणि विहाराच्या दाराशी रस्त्याच्या बाजूला एक रांजण ठेवावा. जो येईल त्याने, जात न सांगता, त्यातून पाणी प्यावे. त्या रांजणाला कोणी पूजा म्हणो वा न म्हणो.

तीनही उत्तरे अशी अपुरी ठरली. मग करावयाचे काय? माझ्या बुद्धीला जो क्रम योग्य वाटतो तो मांडतो. तुम्ही तो पारखून घ्यावा.

पहिली गोष्ट, शेजाऱ्याचा हंडा आधी. तुमच्या दाराशी प्यावयाचे पाणी मागावयास आलेले माणूस परत गेले असेल, तर त्या दिवशी झाडाला ताजे पाणी घालण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

दुसरी गोष्ट, फुलाला दुसऱ्यांदाचे पाणी द्यावे. तांदूळ-भाजी धुतलेले, हातपाय धुतलेले, राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी वाया जाते. ते झाडाच्या मुळाशी जावे. साबणाचे मात्र टाळावे. पाणी ऊन उतरल्यावर घालावे, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा. बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातलेले मडके मुळाशेजारी पुरले, तर थोड्या पाण्यात झाड पुष्कळ दिवस निभते. जो माणूस एवढी खबरदारी घेतो त्याला पाण्याची किंमत समजली असे मानावयास हरकत नाही. अप्रमाद म्हणतात तो याहून निराळा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी कोणाच्या डोक्यावरून येते हे पाहावे. आपण पाणी लिटरात मोजतो. ते खेपेत मोजले पाहिजे. घरधन्याला बागेची हौस आणि पाण्याच्या खेपा बायकोच्या नाहीतर मुलीच्या, असे असेल तर ती बाग तिच्या मानेवर उगवली आहे. हौस ज्याची त्याने खेप घालावी. मुलीची शाळा बुडवून आणलेल्या पाण्यावर फुललेले फूल कोणत्याही मूर्तीपुढे ठेवण्याच्या योग्यतेचे नाही.

चौथी गोष्ट, तांब्याच्या प्रश्नाने धरणाचा प्रश्न झाकला जाऊ देऊ नये. जव्हार-मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनी तेथील ग्रामसभेला गावातल्या लहान पाणवठ्यांविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. आपल्यात लिहितावाचता येणारी माणसे आहेत. त्यांनी पाड्याच्या ग्रामसभेत पुढारी म्हणून जाऊ नये, लेखनिक म्हणून जावे. अर्ज लिहून द्यावा, टँकरच्या खेपांची नोंद ठेवावी, झऱ्याला बांध घालावयास फावडे घेऊन उभे राहावे. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याच्या वतीने बोलण्याची घाई करू नये. त्याचे बोलणे कागदावर उतरेल एवढे पाहावे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका मोगऱ्यासाठी? त्याला माझे उत्तर असे की, झाड हे निमित्त आहे, पण नुसते निमित्त नव्हे. जो माणूस रोज सायंकाळी एका मुक्या झाडाची तहान ओळखतो, त्याला कुंपणापलीकडची तहान ओळखावयास शिकविणे सोपे असते. ज्याने कशाचीच निगा राखली नाही त्याच्यापुढे करुणेचे प्रवचन व्यर्थ जाते. मात्र हेही तितकेच खरे की, झाडाची तहान ओळखून माणसाची न ओळखणारे डोळे या देशात पुष्कळ आहेत. मुंग्यांना साखर घालणाऱ्यांनीच आपल्याला तळ्यावरून हाकलले होते. म्हणून आधी झाड की आधी माणूस, हा वाद घालीत बसू नये. एकाच हाताने दोन्ही करता येतात की नाही, हे करून पाहावे.

वाचकहो, पावसाला अजून अवकाश आहे. तुमच्या अंगणात मोगरा असेल तर तो जगवा. त्याच्याविषयी लाज बाळगू नका. परंतु सायंकाळी तांब्या कलता करण्यापूर्वी एकदा मान वर करून कुंपणापलीकडे पाहा. तेथे कोणी रिकामा हंडा घेऊन उभे असेल, तर फाटक उघडा. झाड एक दिवस थांबू शकते.